१९५३ नव्हे, १९५८ : डीएनएच्या नकलेचा पुरावा कसा मिळाला?

काही वर्षे इतिहासात इतकी ठळक होऊन बसतात की त्यांच्या आजूबाजूची वर्षे दिसेनाशी होतात. जीवशास्त्राच्या इतिहासात १९५३ हे असेच एक वर्ष. २५ एप्रिल १९५३ रोजी 'नेचर' नियतकालिकात वॉटसन आणि क्रिक यांनी डीएनएची दुहेरी सर्पिल रचना मांडली. ज्यांच्या क्ष-किरण छायाचित्रांवाचून हे घडले नसते, त्या विल्किन्स आणि फ्रँकलिन यांच्या गटांचे लेखही त्याच अंकात होते. या रचनेतूनच नकलेची युक्ती सुचते, हे वॉटसन-क्रिक यांनी एका सावध वाक्यात नमूद केले आणि महिन्याभराने दुसऱ्या लेखात ती युक्ती उलगडून सांगितली. दोन धागे सुटे व्हावेत आणि प्रत्येकाने आपला नवा जोडीदार घडवावा, एवढीच ती युक्ती. पण ते अनुमान होते, पुरावा नव्हे. हा धागा आहे त्या पुराव्याचा.

प्रश्न तसा जुना. वॉल्टर फ्लेमिंग या जर्मन शास्त्रज्ञाने सॅलॅमँडरच्या पेशी रंगवून पाहिल्या आणि विभागणाऱ्या पेशीतील सूत्रे लांबीच्या दिशेने दुभंगतात, हे १८८२च्या आपल्या ग्रंथात मांडले. दोन्ही कन्यापेशींना सारखा वारसा मिळतो, एवढे त्यावरून सूचित झाले. पण वाटणीपूर्वी त्या वारशाची प्रत निघते कशी, हे सूक्ष्मदर्शकाखाली दिसणे शक्यच नव्हते.

१९५४मध्ये मॅक्स डेलब्रुक यांनी सर्पिलाच्या युक्तीवर आक्षेप घेतला. दोन धागे एकमेकांभोवती हजारो वेढे घेऊन बसलेले आहेत. पेशीने ते दर पिढीत सोडवायचे कसे? त्यांनी पर्याय सुचवला की धागे ठिकठिकाणी तुटत असावेत आणि जुने-नवे तुकडे एकमेकांना जोडले जात असावेत. डेलब्रुक हे त्या काळातील या क्षेत्राचे वडीलधारे. त्यांची शंका झटकून टाकण्यासारखी नव्हती.

म्हणजे शक्यता तीन झाल्या. दोन खंडांच्या एखाद्या ग्रंथाची नक्कल डोळ्यांपुढे आणा. पहिल्या पद्धतीत जुने दोन्ही खंड एकत्र राहतात आणि नवे दोन्ही वेगळे. दुसरीत प्रत्येक संचात एक खंड जुना, एक नवा. वॉटसन-क्रिक यांचे म्हणणे हेच. तिसरीत प्रत्येक खंडातच जुनी-नवी पाने मिसळलेली. हे डेलब्रुक यांचे. जुन्या पोथ्यांच्या प्रती ताडून पाहणाऱ्याला हा पेच परका वाटणार नाही. अडचण एवढीच, की इथे जुन्या आणि नव्या पानांचा कागद हुबेहूब सारखा होता.

१९५४च्या उन्हाळ्यात वुड्स होल येथे मॅथ्यू मेसेल्सन आणि फ्रँकलिन स्टाल हे दोन तरुण भेटले. दोघेही तेव्हा पंचविशीच्या आतबाहेरचे. (आमच्या वयाचे, हे लिहिताना थोडे लाजायला होते.) नवा कागद वजनाने वेगळा करावा, ही मूळ कल्पना मेसेल्सन यांची. पाठ्यपुस्तक इथून थेट निकालावर उडी मारते. विज्ञानेतिहासकार फ्रेडरिक होम्स यांनी नोंदवह्या आणि मुलाखती यांवरून जो इतिहास लिहिला, त्यात मात्र तीन वर्षांची वळणे आहेत. आधी त्यांनी जीवाणूंना ग्रासणारे विषाणू घेतले आणि ब्रोमीनयुक्त जड रेणू वापरून पाहिला. त्यातून स्वच्छ उत्तर येईना. सिझियम क्लोराइडच्या द्रावणात डीएनए नुसता तरंगेल किंवा बुडेल, अशी त्यांची अपेक्षा होती. प्रत्यक्षात वेगाने फिरवल्यावर त्या क्षाराचेच वरून खाली दाट होत जाणारे थर तयार झाले आणि डीएनए आपापल्या घनतेच्या जागी पट्टा होऊन स्थिरावला. अनपेक्षितपणे हाती आलेला हा तराजू पुढे सगळ्या जगाने वापरला.

१९५७मध्ये त्यांनी ई. कोलाय जीवाणू १४ पिढ्या जड नायट्रोजनवर, म्हणजे नायट्रोजन-१५वर, वाढवले आणि मग एकाएकी साध्या नायट्रोजनच्या अन्नात आणले. मिनिटाला ४४,७७० फेरे, सुमारे २० तास. एका पिढीनंतर जड पट्टा नाहीसा झाला आणि बरोबर मध्ये एकच पट्टा उरला. पहिली शक्यता तिथेच बाद झाली, कारण तसे असते तर जुना जड पट्टा शाबूत दिसला असता. दुसऱ्या पिढीनंतर दोन पट्टे दिसले, एक मधला आणि एक हलका, दोन्ही सारखे. पाने मिसळलेली असती तर सगळे मिळून एकच पट्टा वर सरकला असता. तिसरीही शक्यता गेली.

त्याच वर्षी हर्बर्ट टेलर आणि सहकाऱ्यांनी बाकल्याच्या मुळांत किरणोत्सारी थायमिडीन घालून गुणसूत्रांच्या पातळीवर हाच नमुना दाखवला होता. पहिल्या विभाजनात गुणसूत्राची दोन्ही अर्धी किरणोत्सारी, पुढच्यात फक्त एक. मात्र गुणसूत्रात डीएनएचे किती रेणू असतात, हेच तेव्हा ठाऊक नसल्याने त्यावरून रेणूविषयी ठाम काही म्हणता येत नव्हते. माझ्या मते टेलर यांना मिळायला हवी तेवढी जागा मिळत नाही.

निकाल हाती येऊनही मेसेल्सन-स्टाल यांचा लेख काही पुरा होईना. अखेर त्यांना समुद्रकाठच्या कोरोना डेल मार येथील प्रयोगशाळेत नेऊन लिहायला बसवले, ते कोणी? डेलब्रुक यांनीच. १४ मे १९५८ रोजी तो लेख त्यांच्याच शिफारशीने अमेरिकेच्या विज्ञान अकादमीच्या नियतकालिकाकडे गेला. ज्याच्या शंकेला तो उत्तर होता, त्याच्याच हाताने.

त्या लेखात एक गोष्ट पाहण्यासारखी आहे. नायट्रोजन दोन 'उपघटकां'त समान वाटला जातो, एवढेच लेखक म्हणतात. हे उपघटक म्हणजेच वॉटसन-क्रिक यांचे दोन धागे, असा दावा ते करत नाहीत, कारण प्रयोगाने तेवढे सिद्ध झालेले नव्हते. पुढे लीबी कॅव्हालिएरी यांनी याच फटीतून हरकत घेतली की प्रत्येक उपघटक हाच दुहेरी असू शकतो, म्हणजे एकूण धागे चार. तो वाद साठच्या दशकात मिटला. त्यानंतरच पाठ्यपुस्तकांनी 'उपघटक' खोडून तिथे 'धागा' लिहिले.