बाहेरून

गेल्या महिन्यात आमच्या घरच्या ग्रुपवर चांगलीच खडाजंगी झाली. निमित्त माझ्या भाचीच्या लेकीचं. पोरगी आठवीत आहे. वर्षभर मूत्रपिंडाच्या दुखण्याने हैराण आहे, औषधांमुळे प्रतिकारशक्ती कमी झाली आहे, आणि डॉक्टरांनी सांगितलंय की काही महिने गर्दीत पाठवू नका. शाळेत विचारलं तर उत्तर मिळालं की घरबसल्या शिकवायची सोय नाही, हजेरी भरली नाही तर कठीण आहे, त्यापेक्षा दाखला काढून घ्या आणि पुढे बाहेरून दहावी द्या.

झालं! ग्रुपवर दोन तट पडले. एक म्हणे, "काय बिघडलं? हल्ली सगळं ऑनलाइन होतं." दुसरा म्हणे, "शाळेतून नाव काढलं की पोर घरात बसली म्हणून समजा." मी दोन्हीकडच्या बाजूंना अंगठे दाखवत बसले होते, कारण मला दोन्ही पटत होतं. मग वाटलं, हा प्रश्न काही आपल्याच घरात पहिल्यांदा उगवलेला नाही. शाळेत न येता शिकायची मुभा कोणाला द्यायची, यावर शंभर वर्षांहून जास्त काळ माणसं डोकं खाजवत आहेत. जरा मागे जाऊन बघू या.

सगळ्यात सोपं कारण म्हणजे अंतर. १९१४ साली ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्यात, ऑटवेच्या डोंगराळ जंगलभागात राहणाऱ्या एका शेतकरी बापाने शिक्षण खात्याला पत्र लिहिलं, की माझ्या मुलांना जवळपास शाळा नाही, त्यांनी शिकायचं कसं? खात्याने शाळा बांधली नाही, पण मेलबर्नच्या अध्यापक विद्यालयातून टपालाने धडे पाठवायला सुरुवात झाली. पुढे १९२२ मध्ये न्यूझीलंडने सरकारी पत्रद्वारा शाळाच काढली. ती कोणासाठी? दीपगृहावरचे रखवालदार, रस्त्याच्या कामावरचे मजूर, मेंढपाळ, बेटांवरची कुटुंबं, यांच्या मुलांसाठी. सुरुवातीला अंदाज होता साधारण पंचवीस मुलांचा. एकदा दार उघडल्यावर कळलं की बाहेर किती मुलं उभी होती!

१९५१ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ॲलिस स्प्रिंग्जला 'स्कूल ऑफ द एअर' सुरू झाली. तिकडे उडत्या डॉक्टरांची सेवा होती आणि दूरदूरच्या गुरांच्या फार्मवर पायाने पेडल मारून चालवायचे रेडिओ संच पोचले होते. हा संच आल्फ्रेड ट्रेगर यांनी बनवलेला. ॲडलेड मिएथ्की नावाच्या बाईंच्या लक्षात आलं की ही एकलकोंडी मुलं फार लाजरी असतात, माणसांत बोलत नाहीत. मग त्याच रेडिओवरून वर्ग का भरवू नये? म्हणजे बघा, ही कल्पना केवळ धडे पोचवण्यासाठी निघाली नव्हती. मुलाला इतर मुलांचे आवाज ऐकू यावेत, हेही तिच्यात होतं.

या पद्धतीत कधी फारसं न बोललं गेलेलं एक पात्र आहे, ते म्हणजे आई. टपालाने येणारा धडा मुलाकडून करून घेणारी, रेडिओसमोर त्याला बसवणारी, गणित तपासणारी तीच. ज्यांना परवडे ते घरी एखादी शिकवणारी मुलगी ठेवत. घरी शिकण्याचा खर्च सरकारच्या वहीत कमी दिसतो, कारण त्यातला मोठा भाग घरातल्या बाईच्या अंगावर पडलेला असतो.

दुसरं कारण आजार. इथे मात्र एक फरक करायला हवा. सगळ्यांनाच घरी बसावं लागलं तर ती गोष्ट वेगळी, आणि एकट्यालाच बसावं लागलं तर वेगळी. १९३७ च्या सप्टेंबरात शिकागोत पोलिओची साथ आली आणि शाळा उघडणं जवळजवळ तीन आठवडे लांबलं. तेव्हा तिसरी ते आठवीच्या सुमारे ३,१५,००० मुलांसाठी रेडिओवरून धडे सुरू झाले. कुठला विषय किती वाजता आणि कुठल्या स्टेशनवर, ते सकाळच्या वर्तमानपत्रात छापून यायचं. शंका विचारायला टेलिफोनची सोय होती. तरी प्रश्न उरलेच. ज्याच्या घरी रेडिओ नाही त्याचं काय? जो मुलगा मागे पडतो त्याला कोण थांबून समजावणार? १९४८ मध्ये न्यूझीलंडमध्ये पोलिओमुळेच शाळा उघडल्या नाहीत, तेव्हा ती दीपगृहवाल्यांची पत्रद्वारा शाळा एकदम देशभरातल्या मुलांच्या कामी आली.

हे वाचताना २०२० आठवलं नाही असं होणारच नाही. मार्चमध्ये आपल्या शाळा बंद झाल्या, जुलैत सह्याद्री वाहिनीवर 'टिलीमिली' सुरू झालं, आणि घरात एकच मोबाइल असलेल्या भावंडांत कोणी आधी बसायचं यावरून भांडणं लागली. २०२१ ची दहावीची परीक्षा तर झालीच नाही. शिकागोचे प्रश्न त्र्याऐंशी वर्षांनी जसेच्या तसे आपल्या दारात! पण तेव्हा सगळा वर्गच घरी होता, त्यामुळे कोणाचं नाव पटावरून निघालं नाही. आमच्या पोरीचं दुखणं तिच्या एकटीचं आहे. साथ आली तर शाळा घरी येते, पण एक मूल आजारी पडलं तर त्याला दाखला मिळतो. हे मला खटकलं.

आता आपल्याकडे येऊ. आपल्याकडे 'बाहेरून' हा शब्द फार जुना. मुंबई विद्यापीठ १८५७ चं, लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर काढलेलं. त्या लंडन विद्यापीठाने १८५८ मध्ये आपल्या परीक्षा बाहेरच्यांना खुल्या केल्या: कुठेही शिका, कसंही शिका, परीक्षेला बसा. त्या काळी ही मोठीच उडी होती.

महाराष्ट्रात ही कल्पना बायकांसाठी वापरली ती अण्णासाहेब कर्व्यांनी. १९१६ मध्ये त्यांनी महिला विद्यापीठ काढलं, तेव्हा कॉलेजात न येता घरी अभ्यास करून परीक्षा द्यायची सोय त्यात ठेवली. लग्न झालेल्या, मुलंबाळं असलेल्या, सोवळ्यात अडकलेल्या बायका वर्गात येऊ शकणार नाहीत हे त्यांना माहीत होतं. याच अण्णांची लहानपणची गोष्ट तुमच्यापैकी अनेकांनी शाळेत ऐकली असेल. १८७५ च्या सुमाराला ते मुरुडहून डोंगर तुडवत, शंभरावर मैल चालत साताऱ्याला परीक्षेला गेले, आणि तिथल्या साहेबांनी त्यांना सतरा वर्षांचे दिसत नाही म्हणून परत पाठवलं! वय भरलेलं होतं, दाखला होता, पण अंगकाठी लहान. पात्र कोण हे ठरवणाऱ्याच्या एका नजरेने काय होतं, ते त्या माणसाने सोसलं होतं. पुढे त्यांनी बायकांसाठी दार एवढं सैल ठेवलं, त्यामागे ही आठवण असेल असं आपलं मला वाटतं.

योगायोग असा की आजही बाहेरून दहावी म्हटलं की लोकांच्या तोंडी येतो तो '१७ नंबरचा फॉर्म'. किती जणांचं आयुष्य या फॉर्मने सावरलं असेल! हॉटेलात काम करणारी पोरं, लवकर लग्न झालेल्या मुली, नापास होऊन शाळा सुटलेले. पुढे १९७९ मध्ये सीबीएसईने मुक्त शाळेचा प्रयोग केला, त्यातून १९८९ मध्ये राष्ट्रीय मुक्त विद्यालय झालं, तेच आजचं एनआयओएस. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठही १९८९ चंच.

मग बाजू इतकी चांगली असेल तर अडचण कुठे आहे? ती मला माझ्या घरातच दिसली आहे, दोन्ही बाजूंनी.

माझी आत्या. लहानपणी पोलिओ झाला, एक पाय गेला. गावात चौथीपर्यंत शाळा होती, तेवढी ती आजोबांच्या खांद्यावर बसून शिकली. पुढची शाळा चार मैलांवर. आजोबा बैलगाडीने सोडायला तयार होते, पण तिथले हेडमास्तर म्हणाले, पायऱ्या आहेत, मुलं चिडवतील, कशाला त्रास? मुलगी हुशार आहे, घरीच करू दे, बाहेरून बसवा. माझे वडील तिच्याहून दोन वर्षांनी मोठे. ते रोज शाळेतून येऊन तिला तो दिवस पुन्हा शिकवत. १९६८ साली तिने बाहेरून एसएससी दिली, तेव्हाची अकरावी, आणि वडिलांपेक्षा जास्त मार्क मिळवले. हे ती अजून ऐकवते :-)

आणि दुसरी गोष्ट. आमच्याकडे कामाला येणाऱ्या बाईंची मोठी मुलगी. तेरा वर्षांची असताना तिला शाळेतून काढलं, धाकट्या भावाला सांभाळायला. मी विचारलं तर बाई म्हणाल्या, "ताई, बाहेरून करंल की ती दहावी." फॉर्म भरायची वेळ आली तेव्हा तिचं लग्न ठरलं होतं. तिच्या बाबतीत 'बाहेरून' या शब्दाने एकच काम केलं: शाळेतून काढणाऱ्यांच्या मनाची टोचणी घालवली. माझ्याही. मी तेव्हा "बरं बरं" म्हणून गप्प बसले होते, हे इथे कबूल करते.

म्हणून २००९ चा शिक्षण हक्काचा कायदा आला तेव्हा त्याचा सगळा भर शाळेत आणण्यावर होता, ते मला बरोबरच वाटतं. एक किलोमीटरच्या आत पाचवीपर्यंतची शाळा, तीन किलोमीटरच्या आत आठवीपर्यंतची, असा त्याच्या नियमांचा हिशेब. ऑस्ट्रेलियाने अंतराला टपालाचं आणि रेडिओचं उत्तर दिलं, आपण शाळाच जवळ नेऊ म्हटलं. २०१२ च्या दुरुस्तीने त्यात एक खिडकी ठेवली: तीव्र अपंगत्व किंवा एकाहून अधिक अपंगत्वं असलेल्या मुलांना घरी शिकण्याचा पर्याय निवडता येईल. त्यातही शब्द असा आहे की मुलाला निवडायचा हक्क. शाळेने 'घरीच ठेवा' म्हणायचा हक्क नव्हे. आत्याच्या हेडमास्तरांनी नेमकी हीच उलटापालट केली होती. आणि आमची पोर? ती अपंग नाही, काही महिने आजारी आहे. कायद्याच्या या वाक्यात ती बसत नाही.

हे सगळं वाचून माझं मत थोडंफार पक्कं झालं. अंतर, दुखणं, अपंगत्व, नाटकात किंवा खेळात असणं, अशा कारणांची यादी करून भागत नाही. तेच कारण एकाला सोय असतं आणि दुसऱ्याला हाकलून देण्याचा बहाणा. विचारायला हवं ते असं: घरी शिकायचं कोणी मागितलं, मुलाने की त्याची अडचण होणाऱ्याने? घरी त्याच्याशेजारी रोज कोण बसणार आहे? आणि बरं वाटल्यावर, मन झाल्यावर परत जायला जागा राहील का? १७ नंबरचा फॉर्म शाळा सुटलेल्यांना परत बोलावण्यासाठी उत्तम आहे. पण शाळेत असलेल्या पोरीच्या हातात तो ठेवणं म्हणजे बाहेर जायचा रस्ता दाखवणं झालं.

शेवटी मी आत्याला फोन केला. पंचाहत्तरी उलटली आहे, ऐकायला कमी येतं, पण मुद्दा लगेच कळला तिला. म्हटलं, "आत्या, तू तर बाहेरूनच शिकलीस. तुझं काय वाईट झालं?"

ती थोडा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "वाईट काही नाही झालं गं. पण परीक्षेच्या दिवशी पहिल्यांदा त्या शाळेत गेले ना, तेव्हा सगळ्या मुली एकमेकींना नावाने हाका मारत होत्या. मला नंबर होता. पोरीला घरी शिकवा खुशाल, जीव महत्त्वाचा. पण पटावरचं नाव काढू देऊ नका. आणि वर्गातल्या दोघीतिघींना रोज संध्याकाळी फोन करायला सांगा तिला."

ग्रुपवर मी हेच लिहिलं. भाचीने डॉक्टरांचं पत्र जोडून शाळेला लेखी अर्ज दिला आहे, की नाव कायम ठेवा, अभ्यास घरी पाठवा, चाचण्या घरून घ्या. अजून उत्तर आलेलं नाही. दाखला मात्र काढलेला नाही, आणि संध्याकाळचे फोन सुरू झाले आहेत. दोन मैत्रिणी वहीचे फोटो पाठवतात, त्यात अभ्यास कमी आणि गप्पा जास्त असतात म्हणे. असू देत.

तुमच्या घरात कोणी 'बाहेरून' शिकलेलं असेल तर जरूर लिहा. आणि त्यांना एकदा विचारा, तेव्हा दार कोणी उघडलं होतं आणि कोणी लावलं होतं.