वेशीतला पाऊस

गोष्टीला सुरुवात कशी करावी, हा प्रश्न कीर्तनकाराला पडतो तसाच कादंबरीकारालाही पडतो. श्रोता येऊन बसलेला असतो खरा. पण त्याचे मन अजून घरीच असते. ते ओढून आणायचे कसे? जपानी दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांच्या १९५० सालच्या ‘राशोमोन’ या चित्रपटाची पहिली काही मिनिटे या दृष्टीने पाहण्यासारखी आहेत.

पडदा उजळतो तो मुसळधार पावसात. क्योतो नगराची जुनी दक्षिण वेस. निम्मे छप्पर कोसळलेले. आडोशाला एक लाकूडतोड्या आणि एक भिक्षू सुन्न बसले आहेत. मला काही कळत नाही, एवढेच लाकूडतोड्या पुटपुटतो. काय कळत नाही, ते मात्र सांगत नाही. इतक्यात भिजत तिसरा एक वाटसरू येतो. एका माणसाचा खून झाला, असे भिक्षू त्याला सांगतो. वाटसरू म्हणतो, एकच ना? या वेशीच्या माळ्यावर पाचसहा बेवारस प्रेते सहज सापडतील! मग तो वेशीच्याच फळ्या उपटून शेकोटी पेटवतो आणि पाऊस थांबेपर्यंत करमणूक म्हणून गोष्ट ऐकू लागतो. हा वाटसरू म्हणजे तुम्ही-आम्ही प्रेक्षकच की!

वाचकहो, खून लपवून ठेवलेलाच नाही, हे ध्यानात घ्या. युद्ध, दुष्काळ, रोगराई पाहिलेला भिक्षू एका खुनाने इतका का हादरावा, हे खरे कोडे. आणि बाहेर पाऊस असा कोसळतो, की गोष्ट पुरी झाल्याखेरीज कोणी उठून जाऊ शकत नाही.

हा पाऊसही सहज पडलेला नव्हे. ढगाळ आभाळापुढे पाण्याच्या धारा दिसेनात, म्हणून बंबाच्या पाण्यात काळी शाई कालवली होती. वेस इतकी प्रचंड उभारली, की पुरे छप्पर खांबांना पेलले नसते. म्हणून ती भग्नच ठेवली. ही वेस आकुतागावा यांच्या १९१५ च्या कथेतली, तर खून त्यांच्याच १९२२ च्या दुसऱ्या कथेतला. १९४५ च्या पराभवाला पाचच वर्षे झालेली. मोडकी वेस म्हणजे काय, हे जपानी प्रेक्षकाला समजावून सांगावे लागले नसेल. १९५१ साली व्हेनिसच्या महोत्सवात चित्रपटाला सुवर्णसिंहाचा मान मिळाला.

पुढे उमगते, की लाकूडतोड्याने पाहिले होते सारे, पण न्यायासनापुढे पुरते सांगितले नव्हते. त्या पहिल्या पुटपुटण्यात त्याच्या मनाची टोचणीही होती. शेवटी पाऊस ओसरतो, तेव्हाही खून कोणी केला याचा निकाल लागलेला नसतो. पण वेशीत कोणी टाकून दिलेले एक तान्हे मूल लाकूडतोड्या आपल्या पोरांत वाढवायला घेऊन निघतो, आणि भिक्षूचा माणसावरचा विश्वास पुन्हा मूळ धरतो.