विद्यापीठाची घंटा आणि आपला कापूस

मंडळी, मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरची घंटा कोणाच्या पैशातून आली, माहीत आहे? कापसाच्या. आणि त्या कापसात आपल्या वऱ्हाडाचाही वाटा होता.

1861 ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिकडचा कापूस अडकला, इंग्लंडच्या गिरण्या हिंदुस्थानच्या कापसावर तुटून पडल्या. मुंबईतले दलाल प्रेमचंद रायचंद या तेजीत कापूस आणि शेअर बाजाराचे राजे झाले. 1864 मध्ये त्यांनी विद्यापीठाला ग्रंथालयासाठी 2 लाख दिले आणि मनोऱ्यासाठी आणखी 2 लाख. नाव मात्र आईचं, राजाबाईंचं.

1865 ला युद्ध थांबलं. भाव धाडकन पडले, शेटजी बुडाले, कापूस पेरून बसलेला कास्तकारही. (भाव पडले की काय होते, हे आपल्याकडे समजावून सांगायची गरज नाही.) देणगी तेवढी वाचली. 1878 ला 280 फुटी मनोरा पुरा झाला.

त्याच सुमारास, 1872 ला ऑक्सफर्डात आणि 1879 ला केंब्रिजात, घंटा वाजवणाऱ्यांची विद्यापीठ मंडळं निघाली. एकेका घंटेच्या दोराला एक जण, आणि सगळ्यांचा ठेका जुळला पाहिजे, आपल्या भजनी मंडळासारखा. मुंबईत दोर ओढायला पोरं नव्हती, ते काम घड्याळाच्या यंत्राकडे. इंग्रजांच्या राज्यात ते यंत्र राजाच्या स्तुतीची धूनही वाजवायचं. आता दर पाव तासाला टोले पडतात, तेवढंच.