एक जुना बग

एक अर्धविराम राहिला तर काय होतं, हे आम्हा प्रोग्रामर मंडळींना वेगळं सांगायला नको. शुक्रवारची रात्र अशाच एका शोधात गेली. आणि शनिवारी सकाळी वाचता वाचता त्याचा खापरपणजोबा सापडला. १९०६ सालचा, अजून तसाच!

अमेरिकेत वायोमिंगच्या माळावर एक दगडी सुळका आहे, डेव्हिल्स टॉवर. पायथ्यापासून ८६७ फूट. लिंगाण्यासारखा टोकदार नाही, माथा बराचसा सपाट. अंगभर उभे, एकाला एक चिकटलेले खांब. सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी जमिनीखालचा शिलारस थंड होताना आकसला, तडकला, त्याचे हे पाच-सहा कोनी खांब. भोवतालचा मऊ खडक नंतर झिजून गेला.

कायोवा लोकांची गोष्ट वेगळी आहे. अस्वलापासून पळणाऱ्या सात मुली एका खडकावर चढल्या. खडक वाढत गेला, अस्वलाच्या नखांचे ओरखडे त्याच्यावर उमटले आणि मुली आकाशात गेल्या. त्याच आपल्या कृत्तिका! लाकोटा लोक सुळक्याला म्हणतात 'मातो तिपिला', अस्वलाचं घर.

मग यात सैतान आला कुठून? १८६८ च्या करारात सरकारने ब्लॅक हिल्सचा डोंगराळ मुलूख लाकोटांचा म्हणून मान्य केला. १८७४ मध्ये तिथे सोनं सापडलं आणि १८७५ मध्ये पाहणीला सरकारी तुकडी गेली. तिचे कर्नल रिचर्ड डॉज यांनी लिहून ठेवलं की इंडियन लोक याला 'वाईट देवाचा मनोरा' म्हणतात. बहुधा भाषांतरातला घोळ. सर्वेक्षकांनी त्याचं 'डेव्हिल्स टॉवर' केलं.

२४ सप्टेंबर १९०६ रोजी थिओडोर रूझवेल्टनी हे अमेरिकेचं पहिलं राष्ट्रीय स्मारक जाहीर केलं. घोषणापत्रात 'डेव्हिल्स'मधला अ‍ॅपॉस्ट्रॉफी राहून गेला. झालं, तेच अधिकृत नाव!

इथवर मी हसत होतो. पण पुढे वाचलं. २०१४ मध्ये लाकोटांचे धर्मगुरू आर्वोल लुकिंग हॉर्स यांनी जुनं नाव परत मागितलं. आमच्या प्रार्थनेच्या जागेला सैतानाचं नाव नको, इतकंच. पर्यटनाला फटका बसेल म्हणून वायोमिंगच्या लोकप्रतिनिधींनी विरोध केला. नाव बदललं नाही. १९९५ पासून जूनमध्ये, धार्मिक विधींच्या काळात, गिर्यारोहकांनी आपणहून चढू नये अशी विनंती मात्र केली जाते. बरेच जण पाळतात.

म्हणजे अ‍ॅपॉस्ट्रॉफी ही किरकोळ चूक. खरी चूक त्याआधीची: कागदावर नाव चढवताना, तिथे पिढ्यान् पिढ्या डोकं टेकवणाऱ्यांना कुणी धड विचारलंच नाही. आमच्याकडेही बहुतेक बग असेच जन्माला येतात. फरक इतकाच, की तक्रार आली की ते आम्हाला दुरुस्त करावे लागतात.