कृत्रिम माशीचा टिकाऊपणा : गळाच्या इतिहासातील एक दुर्लक्षित प्रश्न

प्रास्ताविक

मासेमारीच्या इतिहासात जाळी, होड्या, बंदरे आणि बाजारपेठा यांचा जितका अभ्यास झाला, तितका गळाचा झालेला नाही. गळावर लोकर, पिसे व रेशमी दोरा गुंडाळून तयार केलेली कृत्रिम माशी हा तर केवळ हौशी मंडळींच्या छंदाचा विषय समजला जातो. ट्राउट, सॅमन यांसारख्या नदीतील माशांना भुलविणारी ही वस्तू बोटाच्या पेराएवढी असते. दगडावर आपटून, झाडीत अडकून किंवा माशाच्या दातांनी फाटून ती थोड्याच वेळात निकामी होऊ शकते. ती किती टिकते, नेमकी कोठे तुटते आणि ती टिकावी म्हणून कारागिरांनी काय केले, या प्रश्नांच्या आधारे तिच्या इतिहासाकडे पाहण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. अशा अल्पायुषी वस्तूचा इतिहास कोणत्या साधनांवरून लिहिला जातो, हा प्रश्नही त्याला जोडूनच येतो.

उगम : खऱ्या माशीची नश्वरता

कृत्रिम माशीचे सर्वपरिचित प्राचीन वर्णन एलियन या रोमन लेखकाच्या प्राण्यांविषयीच्या ग्रीक ग्रंथात आढळते. त्याचा काळ इ. स. च्या दुसऱ्या शतकाचा उत्तरार्ध व तिसऱ्याचा पूर्वार्ध असा आहे. मॅसिडोनियातील ॲस्ट्रेअस नदीवरील कोळी गळाला तांबडी लोकर गुंडाळून त्यावर कोंबड्याची मेणाच्या रंगाची दोन पिसे बसवीत, असे तो सांगतो. त्याने दिलेले कारण विशेष महत्त्वाचे आहे. नदीवरील मासे ज्या माशीवर झेप घेतात तिला मनुष्याचा हात लागताच तिचा रंग जातो, पंख कोमेजतात आणि ती आमिष म्हणून निरुपयोगी ठरते. म्हणजेच खरी माशी टिकत नाही म्हणून कृत्रिम माशी निर्माण झाली. टिकाऊपणा हा येथे नंतर जोडलेला गुण नसून या वस्तूच्या निर्मितीमागील हेतूच आहे.

दुबळा सांधा : केस, तात आणि नेढे

इंग्लंडमध्ये इ. स. १४९६ मध्ये विंकिन द वर्ड याने गळाच्या मासेमारीवरील एक प्रबंध छापला. परंपरेने तो ज्युलियाना बर्नर्स या स्त्रीच्या नावावर दिला जातो; तथापि या कर्तृत्वाविषयी अभ्यासकांनी शंका घेतली आहे. त्यात बारा माश्यांच्या कृती आहेत. त्या काळी दोरी घोड्याच्या शेपटीच्या केसांची असे. गळाला नेढे नसल्याने केस गळाच्या दांड्यालाच बांधून घेत आणि त्या बांधणीवर माशी चढवीत. पुढे केसांऐवजी तात आली. रेशमाचा किडा कोश विणण्याच्या बेतात असताना त्याला शिरक्यात भिजवीत आणि त्याच्या रेशीमग्रंथी ओढून ही तात काढीत. स्पेनमधील मुर्सिया हे या उद्योगाचे मोठे केंद्र होते. तात केसापेक्षा मजबूत असली तरी सुकल्यावर ठिसूळ होई. वापरण्यापूर्वी ती भिजवावी लागे.

या रचनेतील दोष उघड आहे. वारंवार फेकल्याने तात गळाजवळच झिजे आणि ती तेथे तुटली की पिसे शाबूत असूनही माशी वाया जाई. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या चरणात नेढे असलेल्या गळांचा प्रसार झाला, तेव्हा या अडचणीवर उपाय सापडला. आता झिजलेला तुकडा कापून त्याच माशीला नवी गाठ मारता येऊ लागली. या सुधारणेच्या पुरस्कर्त्यांत एच. एस. हॉल यांचे नाव अग्रभागी आहे. आपल्याकडील गणिताच्या प्राध्यापकांना हे नाव अपरिचित नाही. ‘हॉल आणि नाइट’ यांच्या बीजगणितातील हॉल ते हेच. क्लिफ्टन कॉलेजातील या शिक्षकाने बीजगणिताइतकेच लक्ष गळाच्या नेढ्याकडे दिले होते! फ्रेडरिक हॅलफर्ड यांच्या १८८६ च्या ग्रंथानंतर पाण्यावर तरंगणाऱ्या माशीसाठी नेढ्याचा गळ रूढ होत गेला.

सांधा मजबूत झाल्यावर दुबळेपणा माशीच्या अंगाकडे सरकला. मोरपिसाचे तंतू व कोंबड्याच्या मानेचे पीस माशाच्या दातांनी लवकर तुटते. म्हणून त्यावरून उलट दिशेने बारीक तारेचे वेढे देण्याची पद्धत वापरली गेली. अमेरिकेतील थिओडोर गॉर्डन (मृत्यू १९१५) यांच्या नावाने प्रसिद्ध असलेल्या माशीत मोरपिसाच्या सोललेल्या काडीवर अशीच तार असते. दोऱ्याला मेण लावणे व शेवटच्या गाठीवर रोगण चढविणे हेही त्याच प्रयत्नाचे भाग होत. १९३८ मध्ये जाहीर झालेल्या नायलॉनने पुढे रेशमी तातेची जागा घेतली.

सह्याद्रीचा संबंध

या इतिहासाचा एक धागा आपल्या प्रदेशापर्यंत येतो. सॅमन माशासाठीच्या व्हिक्टोरियन माश्यांत राखी रानकोंबड्याच्या मानेची पिसे आवर्जून वापरीत. हा पक्षी दक्षिण भारतात व सह्याद्रीच्या जंगलांत आढळतो. त्याच्या पिसावरील मेणचट, चकचकीत ठिपके माशीला डोळ्यासारखे शोभतात. पण ही पिसे सहज चिरतात आणि मग त्यांना रोगण लावून सांधावे लागते. १९०२ मध्ये भारत सरकारने वन्य पक्ष्यांच्या पिसांच्या निर्यातीवर बंदी घातली आणि १९२१ मध्ये ब्रिटनने पिसांच्या आयातीविरुद्ध कायदा केला. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने या पक्ष्याला संरक्षण दिले. विसाव्या शतकात पाळीव कोंबड्यांची रंगविलेली पिसे व जनावरांचे केस यांचा वापर वाढला. केसांचे पंख पिसांच्या पंखांपेक्षा अधिक टिकतात, हेही अनुभवास आले. येथे पक्ष्याचे रक्षण आणि माशीचा टिकाऊपणा यांत विरोध उरला नाही.

जे टिकले ते का टिकले?

१८९२ मध्ये मेरी ऑर्व्हिस मार्बरी यांनी अमेरिकेतील लोकप्रिय माश्यांवर सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. १८९३ च्या शिकागो प्रदर्शनात मांडलेल्या ऑर्व्हिस पेढीच्या माश्यांचे फलक आज व्हरमाँटमधील मँचेस्टर येथील अमेरिकन म्युझियम ऑफ फ्लाय फिशिंग या संग्रहालयात आहेत. असे नमुने पाहताना अभ्यासकाने सावध राहावयास हवे. ते पाण्यात पडले नाहीत म्हणूनच उरले आहेत. ज्या माश्यांनी प्रत्यक्ष मासे पकडले त्या झिजल्या, तुटल्या किंवा नदीच्या तळाशी गंजून गेल्या. शिवाय कपाटात ठेवलेली माशीही सुरक्षित नसते. कसर व किडे पिसे खातात, गळ गंजतो आणि तात ठिसूळ होते. संग्रहालयातील माशीवरून कारागिराची अभिरुची कळते. नित्य वापराची कल्पना मात्र तीवरून करता येत नाही.

याउलट कागदावरील कृती विलक्षण चिवट ठरली. १४९६ च्या प्रबंधातील बारा माश्या दीडशेहून अधिक वर्षांनी, १६५३ मध्ये, आयझॅक वॉल्टन यांच्या ग्रंथात थोड्याफार फरकाने पुन्हा भेटतात. त्या वेळी मूळच्या माश्या केव्हाच नष्ट झालेल्या होत्या. टिकली ती कृती; कारण प्रत्येक पिढीने जुनी माशी जपून न ठेवता नवी बांधली.

समारोप

वरील विवेचनावरून असे दिसते की, टिकाऊपणा हा वस्तूचा एकसंध गुण नसून तो सांध्यात, अंगात आणि कृतीत वेगवेगळ्या प्रमाणात वसतो. एका ठिकाणचा दुबळेपणा दूर केला की तो दुसरीकडे प्रकट होतो. आपल्याकडील टोपल्या, इरली, जाळी यांसारख्या वापरून संपणाऱ्या वस्तूंचा इतिहास लिहितानाही हा विचार उपयोगी पडेल. संग्रहालयात जपलेल्या वस्तूंइतकीच त्या विणणाऱ्या हातांची कृती नोंदवून ठेवणे आवश्यक आहे. विणणारे हात थांबले तर ती कृती सांगणारे दुसरे साधन आपल्यापाशी असणार नाही.