एक गुरु, एक शिष्य आणि सहा तारा

महोत्सवाच्या पुस्तिकेंत देवमंदिर कोणीं बांधिलें, घंटा कोणीं दिली, ह्यांच्या नोंदी येतात, त्या याव्यातच. परंतु रविवारच्या मिस्सेंत गायकवृंदासमवेत गिटार घेऊन जो मुलगा उभा असतो, तो ती विद्या कोणापासून शिकला, ही नोंद सहसा कोणी ठेवीत नाहीं. चांदीपसारख्या गांवांतील काय किंवा वसईच्या समुद्रकांठचे काय, मुलास गिटारीची खासगी शिकवणी लावूं पाहणारे आईबाप एकच प्रश्न विचारतात : गुरूसमोर एकट्यानें बसून मूल नेमकें काय शिकतें? उत्तराचा आरंभ आम्ही इतिहासापासून करितों. गिटार आमच्या मंदिरांत नवी असली, तरी गुरूसमोर बसण्याची रीत जुनी आहे.

गोमंतकांत पोर्तुगीज अमदानींत चर्चला जोडलेल्या शाळा असत. तेथील संगीतशिक्षक मुलांस आधीं पंचरेषांवरील स्वर त्यांच्या नांवांनीं गावयास लावी, आणि तें साधल्यावरच मुलाच्या हातीं व्हायोलिन येई. आजच्या आईबापांस ही रीत कठोर वाटेल. पण तिच्यामुळें समोर ठेविलेला कागद प्रथमदर्शनींच वाजविणारे वादक निपजले, आणि मुंबईच्या चित्रपटांचे वाद्यवृंद त्यांनीं भरून काढिले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस (जन्म १९२७) हे त्यांपैकीं एक. चर्चच्या गायनाची धुरा वाहणाऱ्या वडिलांनींच त्यांस घडविलें. पुढें मुंबईंत त्यांनीं स्वतः शिष्य घडविले. संगीतकार प्यारेलाल त्यांजपाशीं व्हायोलिन शिकले. १९७७ सालच्या एका चित्रपटांतील गाण्यामुळें हें नांव हिंदुस्थानांत घरोघरीं झालें, परंतु तें एका शिष्यानें गुरूस केलेलें वंदन आहे, हें गाणें गुणगुणणाऱ्या किती जणांस ठाऊक असेल? गोन्साल्विस २०१२ सालीं निवर्तले.

गिटारीचा मार्ग मात्र निराळा. १८१८ सालच्या नाताळच्या आदल्या रात्रीं ऑस्ट्रियांतील ओबेर्नडॉर्फ येथें योसेफ मोर ह्या धर्मगुरूनें व फ्रांत्स ग्रूबर ह्या शिक्षकानें जें नाताळगीत प्रथम गाइलें, जें आज जगभर गातात, त्यास साथ गिटारीचीच होती. तरीही मंदिरांत तिला मानाचें स्थान नव्हतें. १९०३ च्या नोव्हेंबरांत दहावे पायस ह्यांनीं धर्मसंगीताविषयीं जी आज्ञा काढिली, तींत पियानो व गोंगाट करणारीं वाद्यें वर्ज्य केलीं. गिटारीचें नांव त्यांत नसलें, तरी रोख कळण्याजोगा होता. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनें ४ डिसेंबर १९६३ रोजीं उपासनाविधीविषयीं जो दस्तऐवज काढिला, त्यांत ऑर्गनचा मान राखून अन्य योग्य वाद्यांसही अनुज्ञा मिळाली, आणि लोकभाषेस वाव मिळाला. त्यानंतर गिटार गायकवृंदांत आली.

परंतु ती आली तेव्हां तिच्यामागें ती जुनी शाळा आली नाहीं. सोबत्याच्या बोटांकडे पाहून तीन-चार स्वरमेळ उचलावे आणि त्यांवर सर्व गीतें निभवावीं, अशी वहिवाट पडली. आम्ही ह्यास नांवें ठेवीत नाहीं. पुष्कळ ठिकाणीं भक्तिगीत त्यामुळेंच टिकलें. पण असा वादक नोकरीनिमित्त दूर गेला कीं त्याच्या मागें वाद्य उरतें, विद्या उरत नाहीं; कारण जें त्यानें स्वतः वाचलें नाहीं, तें तो दुसऱ्यास वाचावयास कसें शिकविणार?

आतां शिकवणीकडे वळूं. पहिल्या दिवशीं गाणें वाजेल ही आशा सोडावी. चांगला शिक्षक प्रथम मुलाचा हात पाहतो आणि गिटार त्याच्या अंगास मोठी तर होत नाहीं ना, हें तपासतो. लहानांसाठीं लहान मापाच्या गिटारी मिळतात. नवशिक्यास नायलॉनच्या तारा बऱ्या. पोलादी तारांनीं बोटें लवकर सोलवटतात. तरी प्रथम कांहीं आठवडे डाव्या हाताचीं टोकें दुखणारच. मग तारा लावणें. जाड तारेचा पांचवा पडदा दाबला कीं पुढच्या तारेचा स्वर मिळतो; असेंच पुढें, मात्र एके ठिकाणीं चौथा पडदा धरावा लागतो. हें यंत्राच्या कांट्यावर पाहण्याआधीं कानानें ओळखावयास शिकविणारा गुरु लाभला, तर त्यास सोडूं नये.

एकट्यानें शिकण्याचें खरें मोल कोठें कळतें? दहा मुलें एकत्र वाजवीत असतां एखाद्याची एक तार दबून मुकी राहिली, तर ती कोणास ऐकूं येत नाहीं. एकट्याची ऐकूं येते. पहिल्या बोटानें सहाही तारा आडव्या दाबण्याची वेळ येते, तेथें पुष्कळ मुलें वाद्य खुंटीस टांगतात. दोष बहुधा बोटाच्या बळाचा नसतो. मानेमागचा अंगठा वर सरकलेला असतो, नाहीं तर कोपर अंगास चिकटलेलें असतें. शेजारीं बसलेला गुरु तें क्षणांत पाहतो. स्पेनचा सेगोव्हिया बहुतांशीं स्वतःच शिकला, हें दाखवून कोणी वाद घालील. खरें आहे; पण तोच सेगोव्हिया पुढें इटलींतील सिएना येथें शिष्यांस शिकवीत असे.

एक उणीव मात्र सांगितली पाहिजे. दुसऱ्याच्या लयीशीं लय मिळविणें एकट्याच्या तासांत येत नाहीं. तें गायकवृंदांतच येतें. म्हणून शिकवणी लागली कीं रविवारचें वादन बंद, असें करूं नये.

तास आठवड्यांतून एक, अर्धा ते एक तासाचा, पुरे. पण घरीं रोज वीस मिनिटें बसणें चुकवूं नये. मूल लहान असल्यास आईबापांपैकीं एकानें खोलींत बसावें अथवा दार उघडें असावें. सुज्ञ शिक्षकास ह्याचा राग येत नाहीं. पंचरेषा वाचावयास शिकविणार कीं नाहीं, हें शुल्क ठरविण्यापूर्वीं विचारावें. लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजच्या परीक्षांस आठव्या श्रेणीपर्यंत बसतां येतें, परंतु पहिल्याच वर्षीं परीक्षेची घाई करणाऱ्या शिक्षकास आम्ही मुलें देणार नाहीं. त्या वर्षाच्या शेवटीं मुलानें एक साधें भक्तिगीत, पूर्वीं न ऐकलेलें, कागदावरून हळूहळू कां होईना, वाजवून दाखविलें, तर पैसा योग्य ठिकाणीं गेला असें समजावें.