दोन तृतीयांशांची अट

कॅलिफोर्नियातील एखाद्या शाळामंडळाला नव्या इमारतींसाठी कर्जरोखे काढावयाचे असले, तर ते त्याला केवळ स्वतःच्या अखत्यारीत काढता येत नाहीत. कर्जाची रक्कम, तिचा विनियोग आणि तिच्या फेडीसाठी मिळकतींवर बसणारा जादा कर हे सारे मतपत्रिकेवर मांडून आपल्या हद्दीतील मतदारांची संमती त्याला घ्यावी लागते. या संमतीसाठी १८७९ च्या राज्यघटनेने साधे बहुमत पुरेसे न मानता दोन तृतीयांश मतांची अट घातली. कर्ज काढताना सावधगिरी असावी, हा हेतू रास्तच होता. परंतु नकार देणाऱ्या एका मतदाराला होकार देणाऱ्या दोघांइतके वजन त्यामुळे प्राप्त झाले, आणि ज्यांच्यासाठी इमारत बांधावयाची त्या मुलांना तर मुळात मतच नव्हते.

६ जून १९७८ रोजी मतदारांनी संमत केलेल्या तेराव्या प्रस्तावाने हा मार्ग जवळजवळ बंदच केला. मिळकतीवरील कराला मूल्याच्या शेकडा एक अशी कमाल मर्यादा बसली, आणि नव्या कर्जाच्या फेडीसाठी तीवर जादा कर आकारण्याची मुभाही गेली. ती १९८६ साली घटनादुरुस्तीने परत मिळाली, पण दोन तृतीयांशांच्या त्याच जुन्या अटीसह.

याच काळात लॉस एंजेलिसमध्ये मेक्सिको, मध्य अमेरिका आणि आशियातून आलेल्या कुटुंबांची मुले शाळांत दाखल होत होती. जागा नव्हती, म्हणून पटांगणांत तयार खोल्या आणून ठेवल्या गेल्या, हजारो मुलांना बसगाड्यांतून दूरच्या शाळांत धाडले गेले, आणि अखेरीस वर्षच वाटून देण्यात आले. सर्व विद्यार्थ्यांचे तीन गट पाडावयाचे, त्यांतील दोन वर्गात आणि एक सुटीवर असे आळीपाळीने चालवावयाचे, म्हणजे तीच इमारत दीडपट मुले सामावून घेई. या व्यवस्थेच्या एका प्रकारात मुलाला १८० ऐवजी १६३ च दिवस शाळा मिळे. रोजचे तास वाढवून तूट भरून काढल्याची नोंद दप्तरात करता येत असे. परंतु बारा वर्षे हा क्रम चालला, तर बुडालेल्या दिवसांची संख्या दोनशेच्या पुढे, म्हणजे एका संपूर्ण शालेय वर्षाहून अधिक होते, आणि थकलेल्या बालकाच्या सातव्या तासाने ते दिवस परत येतात असे मला कदापि म्हणवत नाही.

या मुलांचे पालक बहुसंख्येने स्थलांतरित होते आणि त्यांतील अनेकांना अद्याप नागरिकत्व नव्हते. मतदारांत वयस्क, गोरे आणि शाळकरी मुले नसलेले लोक फार मोठ्या प्रमाणात होते. मतदानाच्या साऱ्या प्रश्नाचे मर्म मला येथे दिसते, कारण येथे दुसऱ्याच्या अपत्यासाठी आपल्या मिळकतीवर कर लावून घेण्याची विनंती केली जात होती. नोव्हेंबर १९९६ मध्ये २४० कोटी डॉलरांचे रोखे मतास टाकले गेले, तेव्हा मोठे बहुमत मिळूनही अगदी थोड्या मतांनी ते दोन तृतीयांशांच्या रेषेखाली राहिले. एप्रिल १९९७ मध्ये तोच प्रस्ताव पुन्हा मांडला गेला, खर्चावर नागरिकांच्या समितीची देखरेख राहील असे अभिवचन देण्यात आले, आणि या वेळी शेकडा सत्तरांहून अधिक मतदारांनी त्यास होकार दिला. त्या शहराच्या इतिहासातील हा दिवस मी मोठ्या मानाचा समजतो.

त्या विश्वासाला लगेचच धक्काही बसला. मध्यवर्ती भागातील बेलमाँट शाळेची गर्दी हटविण्यासाठी जुन्या तेलक्षेत्रावर आरंभलेली इमारत जमिनीतील मिथेन वायूमुळे अर्धवट थांबली, पुढे तिच्याखाली भूकंपाची भेगही आढळली, आणि फेरफार करून ती विद्यार्थ्यांसाठी उघडण्यास २००८ साल उजाडले. ती मुख्यतः या रोख्यांतून उभी राहिलेली नसली, तरी करदात्याच्या मनात असा भेद फारसा टिकत नाही. असे असूनही राज्यभरातील मतदारांनी नोव्हेंबर २००० मध्ये अट शेकडा पंचावन्नावर आणली आणि तिच्या मोबदल्यात कामांची यादी, वार्षिक हिशेबतपासणी व नागरिकांची समिती अनिवार्य केली. त्याच वर्षी विद्यार्थ्यांच्या वतीने राज्याविरुद्ध दाखल झालेल्या विल्यम्स दाव्यात २००४ साली तडजोड होऊन, १६३ दिवसांची ती पद्धत २०१२ पर्यंत बंद करण्याचे ठरले.

मग लॉस एंजेलिसमध्ये २००२, २००४, २००५ आणि २००८ असे एकामागून एक रोखे संमत झाले. यांतील शेवटचे एकटेच ७०० कोटी डॉलरांचे होते. त्यांतून सव्वाशेहून अधिक नव्या शाळा उभ्या राहिल्या. रॉबर्ट केनेडी यांच्यावर जेथे गोळ्या झाडल्या गेल्या त्या अँबॅसडर हॉटेलच्या जागेवर २०१० साली उघडलेल्या शाळासंकुलावर सुमारे ५७.८ कोटी डॉलर खर्च झाले आणि त्याबद्दल टीकाही पुष्कळ झाली. तोवर पटसंख्या सात लाखांहून वरच्या शिखरावरून उतरणीस लागली होती, म्हणून एवढ्या इमारती हव्या होत्या काय, असा प्रश्न काही जण करतात. त्यांना माझे इतकेच सांगणे आहे की, गरज १९८० च्या सुमारास होती आणि तेव्हा कायद्याने मागण्याचीसुद्धा वाट ठेवली नव्हती.